"कोच आपल्या लाडक्यांनाच खेळवतो": त्या मेसेजला माझं उत्तर

नोव्हेंबर लागला आणि अमेरिकेतल्या कॉलेज बास्केटबॉलचा हंगाम सुरू झाला की तो मेसेज पुन्हा फिरायला लागतो. यंदा इथल्या मराठी पालकांच्या तीन ग्रुपांवर मला तो एकाच आठवड्यात आला, शेवटी "प्रत्येक पालकाने वाचावे" असं लिहिलेलं. थोडक्यात मेसेज असा: कॉलेजचे कोच गुणवत्ता बघत नाहीत, लाडक्यांना खेळवतात. शाळेत सामन्याला २५ गुण काढणारं नवं पोरगं इथे बेंचवर बसून राहतं. सगळ्यांना सारखी मिनिटं द्यायला काय हरकत आहे? एक चूक झाली की लगेच बाहेर. संघ १५ गुणांनी पुढे असला तरी राखीव पोरांना उतरवत नाहीत. बेंचवर गेलेलं वर्ष वाया. आता तर ज्याला पैसे जास्त, त्यालाच मिनिटं. तेव्हा जानेवारीपर्यंत मुलगा खेळला नाही तर कॉलेज बदला.

यातलं एक वाक्य अर्धं खरं आहे, त्याकडे येतेच. बाकीचं चुकीचं आहे, आणि ते वाचून आईवडील सुट्टीला घरी आलेल्या पोराला नको ते सांगतात, याचा मला मनापासून त्रास होतो. मी पुण्यात शाळा-कॉलेजकडून खेळले. पुढे ओहायोत शिकत असताना दोन हंगाम एका छोट्या कॉलेजच्या पुरुष संघाची मॅनेजर होते. मॅनेजर म्हणजे टॉवेल, पाण्याच्या बाटल्या आणि सरावाचे तक्ते भरणं. त्या तक्त्यांच्या जोरावरच हे लिहितेय.

आधी ते २५ गुण. कॉलेजच्या संघात शिरणारा जवळजवळ प्रत्येक जण आपापल्या शाळेत तेवढे गुण काढूनच आलेला असतो. गुण काढणारे कोचकडे ढिगाने असतात. त्याला हवं असतं ते चेंडू हातात नसताना कुठे उभं राहायचं हे कळणारं पोरगं.

एक चाल सांगते. समोरच्या संघाचा गार्ड, म्हणजे चेंडू पुढे नेणारा खेळाडू, उजवीकडून ड्रिबल करत येतोय. त्यांचा उंच सेंटर येऊन आपल्या गार्डच्या वाटेत आडवा उभा राहतो, म्हणजे स्क्रीन लावतो, आणि लगेच वळून रिंगकडे धावतो. आपले दोघं त्या दोघांत गुंतले. रिंगखाली आता कोणीच नाही. ती जागा भरायची लांबच्या, डाव्या कोपऱ्यातल्या माणसावर असलेल्या खेळाडूने. कोच त्याला 'लो मॅन' म्हणतात. गार्डने आत पाय टाकला की त्याच क्षणी याने आपला माणूस सोडायचा, दोन ढांगांत रिंगखाली यायचं, सेंटरला छातीवर घ्यायचं, आणि पास कोपऱ्यात गेला तर हात वर करून पुन्हा तिकडे पळायचं. पहिल्या वर्षाचं पोरगं काय करतं? आपल्या माणसाला चिकटून राहतं, कारण शाळेत त्यासाठीच शाबासकी मिळालेली असते. सेंटर मोकळा, डंक, दोन गुण. स्कोअरबुकात या पोराच्या नावापुढे काहीच पडत नाही. स्टँडमधल्या आईवडिलांना वाटतं, गार्ड चुकला. दुसऱ्या दिवशी व्हिडिओ बघताना कोच मात्र नेमका त्या कोपऱ्यावर थांबवतो.

माझ्या तक्त्यात हेच असायचं. किती पासना हात लागला, शॉट उडाल्यावर आपला माणूस पाठीने अडवून रिंगपासून दूर ठेवला की नाही, मदतीला वेळेवर पोचला की अर्धा सेकंद उशिरा. बास्केट मोजायचा रकाना सगळ्यात शेवटी होता. नियमाप्रमाणे पहिल्या सामन्याआधीच्या ४२ दिवसांत ३० सराव घेता येतात, आणि हंगामात आठवड्याला २० तास. मिनिटांचा हिशेब तिथे ठरतो, आणि ते तास कुठल्याच पालकाने पाहिलेले नसतात. पालकांना सामन्याचे दोन तास दिसतात.

आणि कोचना नवी पोरं खेळवायचीच नसतात, हे तर इतिहासालाच धरून नाही. एके काळी खरंच तसा नियम होता. १९७२ पर्यंत पहिल्या वर्षाच्या मुलांना मुख्य संघातून खेळायलाच बंदी होती. पुढे करीम अब्दुल-जब्बार या नावाने गाजलेला ल्यू अल्सिंडर १९६५ मध्ये यूसीएलए या कॅलिफोर्नियातल्या कॉलेजात आला तेव्हा तोही फ्रेशमन, म्हणजे पहिल्या वर्षाच्या पोरांच्या, संघात होता, आणि त्या पोरांनी आपल्याच कॉलेजच्या मुख्य संघाला, लागोपाठ दोन वर्षांच्या राष्ट्रीय विजेत्यांना, ७५-६० असं हरवलं होतं. बंदी उठल्यावर काय झालं बघा. २००३ मध्ये सिरॅक्यूजच्या कार्मेलो अँथनीला पहिल्याच वर्षी सामन्याला सरासरी ३६ मिनिटं मिळाली आणि संघ राष्ट्रीय विजेता ठरला. २०१२ च्या विजेत्या केंटकीच्या पहिल्या पाचांत, म्हणजे सामना सुरू करणाऱ्यांत, तीन फ्रेशमन होते. २०१५ च्या अंतिम सामन्यात ड्यूकच्या ६८ पैकी ६० गुण पहिल्या वर्षाच्या चौघांनी काढले. जो तयार असतो त्याला कोच एक दिवसही बसवून ठेवत नाही, कारण हरल्यावर नोकरी कोचची जाते.

हल्ली फ्रेशमनची वाट अवघड झाली आहे, हे मान्य. पण त्याचं कारण वेगळं आहे. २०२१ पासून कॉलेज बदलल्यावर एक वर्ष बाहेर बसण्याची अट उरली नाही, त्यामुळे कोचला २२-२३ वर्षांचा, तीन हंगाम खेळलेला तयार गडी सहज मिळतो. अठरा वर्षांच्या पोराला रिबाउंडसाठी, म्हणजे हुकून परत आलेल्या चेंडूसाठी, त्याच्या खांद्याशी खांदा भिडवायचा असतो.

'सगळ्यांना सारखी मिनिटं' हा मुद्दा गणिताचा आहे. सामना ४० मिनिटांचा, कोर्टवर पाच जण, म्हणजे वाटायला एकूण २०० मिनिटं. संघात पंधरा पोरं धरा. पहिले पाच जण तीस-तीस मिनिटं खेळले की १५० संपली. उरलेल्या पन्नासात तिघाचौघांना बारा ते सोळा मिनिटं येतात. ती पन्नास दहा जणांत वाटली तर प्रत्येकाला पाच मिनिटं. पाच मिनिटांत पोराला घामही फुटत नाही, आणि शेजारच्याची सवय तर मुळीच होत नाही. म्हणून बहुतेक कोच आठ-नऊ जणांवर थांबतात. पाच-पाच जणांचे दोन संघ करून आलटून पालटून खेळवायचा प्रयोग केंटकीचे तेव्हाचे कोच जॉन कॅलिपारी यांनी २०१४-१५ मध्ये केला. पण त्यासाठी पुढे एनबीएत, म्हणजे व्यावसायिक लीगमध्ये, जाणारी एवढी पोरं एका छताखाली असावी लागतात.

"एक चूक, की बाहेर." इथे मला वाटतं आपल्या डोक्यातलं क्रिकेट आडवं येतं. आपल्याला बारावा खेळाडू माहीत आहे, पाणी घेऊन धावणारा, आणि संघातून वगळणं माहीत आहे. बास्केटबॉलमध्ये बदली कितीही वेळा होते. बाहेर आलेलं पोरगं दोन मिनिटांनी परत आत जाऊ शकतं, आणि जातंही. बऱ्याचदा त्याला बाहेर घेतात ते सांगण्यासाठी, कारण कोर्टच्या त्या टोकाला, दहा हजार लोकांच्या आवाजात, 'तू लो मॅन होतास' हे ओरडून समजत नाही. बेंचवर शेजारी बसवून, बोर्डवर आखून तीस सेकंदांत समजतं. कधी त्यात चूकही नसते. पाच फाउल झाले की खेळाडू बाद, म्हणून पहिल्या वीस मिनिटांत दोन फाउल झालेल्याला बहुतेक कोच मध्यंतरापर्यंत बसवून ठेवतात. मोठ्यातला मोठा खेळाडूही त्यातून सुटत नाही, आणि राखीव पोराचं दार कित्येकदा असंच उघडतं. २०१५ च्या त्याच अंतिम सामन्यात विस्कॉन्सिनविरुद्ध ड्यूक ९ गुणांनी मागे होता, त्यांचे दोन मुख्य खेळाडू फाउलांमुळे अडचणीत, तेव्हा ड्यूकचे कोच माइक शिशेफ्स्की यांनी ग्रेसन ॲलनवर भिस्त ठेवली. हंगामात सरासरी चारच्या आसपास गुण काढलेल्या त्या फ्रेशमनने १६ काढले.

पंधरा गुणांच्या आघाडीबद्दल एवढंच सांगते. मार्च २०१६ मध्ये नॉर्दर्न आयोवा टेक्सस ए अँड एमच्या १२ गुण पुढे होता आणि घड्याळात ४४ सेकंद उरले होते. ती आघाडी संपली, सामना दोनदा जादा वेळेत गेला आणि नॉर्दर्न आयोवा हरला. दोन वर्षांनी सिनसिनाटीने नेवाडाविरुद्ध २२ गुणांची आघाडी घालवली. ज्यांनी हे सामने पाहिले आहेत, त्यांच्यापैकी कोणी पंधराला 'सामना संपला' म्हणणार नाही.

आता मला सगळ्यात जास्त लागलेलं वाक्य: बेंचवर गेलेलं वर्ष वाया.

स्वेन नेटर यूसीएलएत दोन हंगाम बिल वॉल्टनच्या मागे होता. पहिल्या पाचांत एकदाही उतरला नाही. तरी १९७३ मध्ये एनबीएच्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघांनी नवे खेळाडू निवडण्याच्या प्रक्रियेत, पहिल्या फेरीत निवडला गेला, कारण दोन वर्षं रोज तो देशातल्या सर्वोत्तम सेंटरशी सरावात झुंजला होता. मार्विन विल्यम्स नॉर्थ कॅरोलायनात एकही सामना सुरुवातीपासून खेळला नाही आणि २००५ मध्ये दुसऱ्या क्रमांकावर निवडला गेला. डेव्हिन बुकर केंटकीत ३८ सामने खेळला, ३८ वेळा बेंचवरून उठून.

पण माझ्या मनात कायम डाँटे डिव्हिन्चेन्झो असतो. २०१५-१६ मध्ये तो व्हिलनोव्हात पहिल्या वर्षाला होता. पायाचं हाड मोडलं आणि हंगाम गेला. बरा झाल्यावर त्याला स्काउट टीममध्ये घातलं. स्काउट टीम म्हणजे पुढच्या प्रतिस्पर्ध्याच्या चाली पाठ करून सरावात त्या आपल्याच संघावर खेळणारी राखीव पोरं. उपांत्य सामन्यात गाठ ओक्लाहोमाशी, आणि त्यांचा बडी हील्ड त्या वर्षी अडवता येत नव्हता. सरावात हील्ड झाला डिव्हिन्चेन्झो. त्याच्यासारखं स्क्रीनमधून सुटायचं, त्याच्यासारखे लांबून शॉट मारायचे, आणि समोरच्यांनी ते अडवायला शिकायचं. प्रत्यक्ष सामन्यात हील्डला ९ गुण मिळाले, व्हिलनोव्हा ९५-५१ असा जिंकला आणि दोन दिवसांनी विजेताही ठरला. त्या मेसेजच्या हिशेबात या पोराचं वर्ष मोजक्या मिनिटांचं, म्हणजे वाया. दोन वर्षांनी, २ एप्रिल २०१८ ला, मिशिगनविरुद्धच्या अंतिम सामन्यात तोच बेंचवरून उठला आणि ३१ गुण काढून स्पर्धेचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. तेव्हाही पहिल्या पाचांत नव्हताच.

आमच्या छोट्या संघातली स्काउट टीमची पोरं मी जवळून पाहिली आहेत. मंगळवारी एकाच्या चाली, गुरुवारी दुसऱ्याच्या. त्यांच्याइतका खेळ दुसऱ्या कोणालाच वाचता येत नसे.

आता ते अर्धं खरं वाक्य. लाडके असतात. कोच माणूसच आहे. तीन वर्षं सोबत राहिलेल्या सीनियरच्या चुकीकडे तो जरा काणाडोळा करतो, नव्याच्या चुकीकडे करत नाही. स्वतः निवडून आणलेल्या पोराला जास्त संधी देतो. पैशाचाही परिणाम आहे: २०२१ पासून खेळाडूंना जाहिरातीतून कमावता येतं, जुलै २०२५ पासून कॉलेजं थेट पैसे देऊ शकतात, आणि ज्याच्यावर मोठी रक्कम घातली त्याला नोव्हेंबरमध्ये चार संधी जास्त मिळणारच. जानेवारीपर्यंत संघ हरू लागला की मात्र ती रक्कम त्याला कोर्टवर ठेवू शकत नाही.

याहून मोठी चूक मी एका कोचच्या हातून घडताना पाहिली. एका मुलाला सहा आठवडे कोणी सांगितलंच नाही की तो का खेळत नाही. तक्ते माझ्याकडे होते, कारण स्पष्ट दिसत होतं, पण त्याच्याशी बोलायला कोणाला वेळ नव्हता. तो रोज सर्वांत आधी यायचा आणि शॉट मारत बसायचा. त्याची अडचण शॉटची नव्हतीच. हा अन्याय होता, असं मी आजही म्हणेन.

म्हणूनच 'जानेवारीत कॉलेज बदला' या सल्ल्याचा राग येतो. हंगामाच्या मध्यावर उठून गेलेल्याला त्याच हंगामात दुसऱ्या संघाकडून खेळता येत नाही. कॉलेज बदलण्याची मुदत हंगाम संपल्यावर, वसंतात येते, तेव्हा हजारावर पोरं एकदम नव्या जागा शोधत असतात, आणि कमी मिनिटं खेळलेल्याला जागा मिळेलच असं नाही. व्हर्जिनियाच्या डिआंद्रे हंटरला कोच टोनी बेनेट यांनी २०१६-१७ मध्ये पूर्ण वर्ष बसवलं होतं. तो थांबला. २०१९ च्या अंतिम सामन्यात त्याने टेक्सस टेकविरुद्ध २७ गुण काढले आणि व्हर्जिनिया पहिल्यांदा विजेता झाला. कधी बदलणं बरोबरही असतं, वर्षभर खेळून, बोलून, कारण समजून घेऊन.

एका ग्रुपवर एका ताईंनी विचारलंय, "मग आम्ही कोचला फोन करायचा का?" नका करू. मिनिटांबद्दल पालकांशी बोलायचं नाही, असा नियम बहुतेक कोच पहिल्याच बैठकीत सांगतात. मुलाला एकट्याला जाऊ दे, सरावानंतर, सामन्याच्या दिवशी नको. "मला का खेळवत नाही" असं न विचारता "गेल्या आठवड्यातल्या सरावाचा व्हिडिओ माझ्याबरोबर बघाल का" असं विचारू दे. नाही म्हणणारा कोच मी पाहिलेला नाही.