हिपॅटायटिस सी आणि वाढलेले लोह : एका प्रतिक्रियेला उत्तर

महोदय,

हिपॅटायटिस सी झालेल्या रुग्णाने फेरिटिनच्या, म्हणजे लोह साठवणाऱ्या प्रथिनाच्या, रक्तातील आकड्याचा धसका न घेता आधी विषाणूचा उपचार पूर्ण करावा, असे मी लिहिले होते. हे आपल्याला बेजबाबदारपणाचे वाटले. आपल्या थोरल्या बंधूंचे फेरिटिन ८४० आले आहे, ते कायम थकलेले असतात, आणि डॉक्टरांनी गोळ्या सुरू करण्याचे ठरवताना लोहाबद्दल अवाक्षर काढलेले नाही, असे आपण कळवले आहे. जपानमधील डॉक्टर अशा रुग्णांचे रक्त काढून लोह कमी करीत आणि त्यामुळे यकृताचा कर्करोग टळत असे, ही माहिती मी वाचकांपासून दडवली, हा आपला मुख्य आक्षेप आहे. शेवटी आपण लिहिले आहे की बंधूंना रक्तदान करायला लावायचे आणि त्यांच्या आहारातून लोह पूर्ण बंद करायचे, असे घरात ठरत आहे. या चारही गोष्टींचे उत्तर दोन ओळींत देणे योग्य ठरले नसते, म्हणून सविस्तर लिहीत आहे.

पहिल्यांदा रक्तदानाविषयी, कारण तो बेत आजच रद्द व्हायला हवा. हिपॅटायटिस सी रक्तातून पसरतो. संसर्ग असलेल्या व्यक्तीने रक्तदान करणे म्हणजे दुसऱ्या कुणाला तरी तो आजार देण्याचा धोका पत्करणे होय. उपचारानंतर विषाणू पूर्ण नाहीसा झाला तरी त्याच्याविरुद्धची प्रतिपिंडे रक्तात वर्षानुवर्षे राहतात, त्यामुळे पुढेही रक्तपेढीच्या चाचणीत ते रक्त बाद होते. उपचार म्हणून शिरेतून रक्त काढणे ही निराळी गोष्ट आहे. तिथे दर वेळी आधी हिमोग्लोबिन पाहिले जाते, किती रक्त आणि किती दिवसांनी काढायचे हे डॉक्टर ठरवतात आणि काढलेले रक्त नष्ट केले जाते.

आता मूळ मुद्दा. लोहामुळे यकृताचे नुकसान होते हे मी नाकारलेले नाही आणि नाकारणारही नाही. प्रौढ माणसाच्या शरीरात साधारण ३ ते ४ ग्रॅम लोह असते आणि आतड्यातून रोज जेमतेम १ ते २ मिलिग्रॅम आत येते. जादा झालेले लोह बाहेर टाकण्याची सोय शरीरात नाही, म्हणून सारे नियंत्रण आत येण्याच्या दारावरच ठेवावे लागते. हे काम हेप्सिडिन नावाचे संप्रेरक करते आणि ते यकृतच तयार करते. हिपॅटायटिस सीच्या संसर्गात नेमके हे हेप्सिडिन लोहसाठ्याच्या मानाने कमी पडते, त्यामुळे आतड्यातून गरजेपेक्षा जास्त लोह शोषले जाऊन यकृतात साठू लागते. अशा मोकळ्या लोहामुळे पेशींत ऑक्सिजनचे अतिशय दाहक रेणू तयार होतात, त्यांनी पेशींच्या आवरणाला आणि डीएनएला इजा होते, आणि व्रण भरून काढणाऱ्या पेशी चेतवल्या जाऊन यकृतात तंतू वाढतात. दारूही हेप्सिडिन दाबते, म्हणून विषाणू आणि दारू एकत्र आले की लोह दुहेरी वेगाने साठू शकते. इथवर आपले आणि माझे मतभेद नाहीत.

मतभेद आहे तो ८४० या आकड्याच्या अर्थाबद्दल. फेरिटिन हे लोह साठवणारे प्रथिन आहे हे खरे, पण शरीरात कुठेही दाह असला की ते वाढते, आणि यकृताच्या पेशी फुटल्या की त्यांच्यातील फेरिटिन रक्तात सांडते. हिपॅटायटिस सीमध्ये या दोन्ही गोष्टी एकाच वेळी चालू असतात. धान्याच्या कोठाराची भिंत पडली आणि गोण्या रस्त्यावर आल्या, तर रस्त्यावरच्या गोण्या मोजून कोठारातला साठा सांगता येत नाही. त्यातून रक्तातील फेरिटिनच्या या गोण्या बहुतांशी रिकाम्याच असतात, कारण त्या फेरिटिनमध्ये लोह फारच थोडे असते. फेरिटिनचा आकडा निरर्थक आहे असे मी म्हणत नाही. तो एकटा वाचू नये, एवढेच म्हणतो.

त्याच्या जोडीला वाचायचा आकडा आपण स्वतःच प्रतिक्रियेत उतरवून दिला आहे, बहुधा त्याचे महत्त्व लक्षात न घेता. बंधूंच्या अहवालात सीरम आयर्न (रक्तातील लोह) ११० आणि टीआयबीसी (रक्ताची लोह धरण्याची एकूण क्षमता) ३२४ आहे. पहिल्या आकड्याला दुसऱ्याने भागून शंभराने गुणले की ट्रान्सफेरिन सॅच्युरेशन मिळते, ते ३४ टक्के येते. लोह वाहून नेणाऱ्या ट्रान्सफेरिनवरच्या जागांपैकी साधारण एक तृतीयांश भरल्या आहेत, असा त्याचा अर्थ. लोह खरोखर तुंबले असल्याची शंका सर्वसाधारणपणे ४५ टक्क्यांच्या पुढे घेतात. त्याच अहवालात एसजीपीटी, म्हणजे यकृताच्या पेशी फुटल्या की रक्तात वाढणारे विकर, ९६ आहे, म्हणजे पेशी फुटत आहेत. हे तीन आकडे शेजारी ठेवून वाचले तर ८४० चा बराच मोठा भाग दाहाचा आणि फुटलेल्या पेशींचा असावा, असा अंदाज बांधता येतो. डॉक्टर लोहाबद्दल बोलले नाहीत याचे कारण हेच असू शकेल. त्यांनी ते समजावून सांगायला हवे होते, ही आपली तक्रार मात्र मला रास्त वाटते. एक सावधगिरी इथे नोंदवतो : सिरॉसिस (यकृत तंतूंनी भरून कडक होणे) पुढच्या टप्प्याला गेलेला असेल तर यकृत ट्रान्सफेरिनच कमी बनवते, आणि मग लोह फारसे वाढलेले नसतानाही सॅच्युरेशन वर जाते. तेव्हा ही टक्केवारीही यकृताची अवस्था माहीत असल्याशिवाय पूर्ण बोलत नाही.

जपानमधील अभ्यासांविषयी. ते खरे आहेत, महत्त्वाचे आहेत, आणि ते ज्या काळात झाले तो काळ लक्षात घेतल्याशिवाय त्यांचे मोल करता येत नाही. हा विषाणू १९८९ मध्ये ओळखला गेला. त्यानंतर जवळजवळ दोन दशके हाताशी मुख्य औषध होते इंटरफेरॉन. ते इंजेक्शनने द्यावे लागे, त्याचा त्रास मोठा होता, आणि कितीतरी रुग्णांत ते लागूच पडत नसे. विषाणू जात नाही, मग निदान यकृताची झीज तरी मंदावावी, या विचाराने जपानी डॉक्टरांनी रुग्णांचे रक्त ठरावीक अंतराने काढायला आणि त्यांना कमी लोहाचा आहार द्यायला सुरुवात केली. एसजीपीटी खाली येतो हे १९९४ मध्येच प्रसिद्ध झाले होते. पुढे दीर्घकाळ पाठपुरावा केलेल्या गटात यकृताचा कर्करोगही कमी दिसला. मात्र त्या अभ्यासात रुग्ण थोडे होते, आणि रक्त काढून घ्यायला तयार झालेल्यांची तुलना ज्यांनी त्याला नकार दिला त्यांच्याशी केली होती. गट चिठ्ठ्या टाकून पाडलेले नव्हते. एखादा उपचार स्वीकारणारा माणूस बाकीचे पथ्यही अधिक पाळत असण्याची शक्यता अशा तुलनेत उरतेच. मला त्याहून मोठी वाटणारी गोष्ट अशी की, रक्त काढल्याने एसजीपीटी उतरला तरी विषाणू रक्तात तसाच राहिला. रोगाचे कारण शाबूत ठेवून परिणाम आवरण्याचा तो प्रयत्न होता, आणि त्या डॉक्टरांकडे त्याहून चांगला मार्ग नव्हता.

आज तो मार्ग आहे. २०१३ च्या अखेरीस सोफोसबुविरला अमेरिकेत मान्यता मिळाली आणि त्यानंतर विषाणूवर थेट काम करणाऱ्या गोळ्यांची रांगच लागली. बहुतेक रुग्णांत ८ ते १२ आठवड्यांचा उपचार पुरतो आणि ९५ टक्क्यांच्या आसपास किंवा त्याहून अधिक रुग्ण बरे होतात. विषाणू गेला की दाह ओसरतो, पेशी फुटणे थांबते, हेप्सिडिनवरचा दबाव सुटतो आणि बहुसंख्य रुग्णांचे फेरिटिन आपसूक उतरते. आपण ज्याला 'गोळ्या विकण्याची घाई' म्हणता, ती घाई लोहाच्याही हिताची आहे. रक्त काढून लोह उतरवू, मग गोळ्या पाहू, असे म्हणत काही महिने घालवले तर तेवढे महिने यकृताची इजा चालूच राहील. औषधांच्या यादीत रिबाव्हिरिन आहे का, एवढे मात्र पाहून घ्यावे. त्याने तांबड्या पेशी फुटून त्यांतले लोह मोकळे होते, त्यामुळे उपचार चालू असताना फेरिटिन वाढलेले दिसू शकते आणि त्या वाढीला भिऊन गोळ्या थांबवण्याचे कारण नसते.

लोहाचा स्वतंत्र उपचार कधीच करू नये, असे मात्र माझे म्हणणे नाही आणि मूळ लेखातही नव्हते. आनुवंशिक हिमोक्रोमॅटोसिस, म्हणजे शरीरात लोह साठत जाण्याचा जन्मजात विकार, असेल तर तो विषाणूपासून वेगळा आजार आहे. त्याचे एचएफई हे जनुक १९९६ मध्ये सापडले आणि त्यातला सी२८२वाय हा बदल उत्तर युरोपीय वंशाच्या लोकांत प्रामुख्याने आढळतो. तिथे रक्त काढणे हाच मुख्य उपचार आहे. सुमारे ५०० मिलिलिटर रक्ताबरोबर २०० ते २५० मिलिग्रॅम लोह निघून जाते, आणि फेरिटिन ५० ते १०० च्या दरम्यान आणून ठेवतात. दुसरे उदाहरण पोर्फिरिया क्युटेनिया टार्डा या कातडीवर दिसणाऱ्या विकाराचे. हिपॅटायटिस सीच्या काही रुग्णांच्या हातांच्या मागच्या बाजूला उन्हाने फोड येतात, कातडी जराशा धक्क्याने सोलवटते. त्यामागे यकृतातील लोहाचा हात असतो आणि रक्त काढल्याने तो त्रास हटतो. बंधूंच्या हातांवर असे काही दिसत असेल तर डॉक्टरांना जरूर दाखवावे. थॅलॅसेमिया या आनुवंशिक रक्तक्षयाच्या रुग्णांना वारंवार रक्त चढवल्याने लोह साठते, पण त्यांचे रक्त काढता येत नाही, म्हणून लोह बांधून बाहेर नेणारी औषधे देतात. त्यांतल्या डेफेरासिरॉक्सने यकृत आणि मूत्रपिंडाला गंभीर अपाय होऊ शकतो, तेव्हा ती स्वतःहून घ्यायची वस्तू नव्हे. बाकी रुग्णांत सॅच्युरेशन खरोखर ४५ टक्क्यांच्या वर टिकून असेल, तर यकृतात नक्की किती लोह आहे हे आज विशिष्ट प्रकारच्या एमआरआयने सुई न टोचता मोजता येते.

आहाराबाबत थोडक्यात लिहितो. लोह पूर्ण वर्ज्य करणारा आहार प्रत्यक्षात शक्य नसतो, आणि त्या नादात आजारी माणसाची प्रथिने तुटतात, ते अधिक वाईट. लोहाच्या गोळ्या आणि लोहयुक्त टॉनिके डॉक्टरांनी दिल्याशिवाय घेऊ नयेत. क जीवनसत्त्वाच्या मोठ्या मात्रेच्या गोळ्या टाळाव्यात, कारण त्या लोहाचे शोषण वाढवतात. लाल मांस बेताने खावे, दारू पूर्ण सोडावी. यकृत खराब असलेल्यांनी कच्चे शिंपले खाऊ नयेत, कारण त्यांतल्या एका जिवाणूचा संसर्ग लोह वाढलेल्या माणसात प्राणघातक ठरू शकतो. कॉफी चालेल.

आता आपण ओझरता उल्लेख करून सोडलेल्या गोष्टीकडे वळतो. बंधू सतत थकलेले असतात असे आपण लिहिले आणि ते लोहामुळेच असल्याचे गृहीत धरले. अहवालातले इतके आकडे आपण उतरवले, पण हिमोग्लोबिन दिलेले नाही. ते कमी असेल तर सगळा विचार उलटा करावा लागेल. सिरॉसिसमध्ये अन्ननलिकेतल्या फुगलेल्या शिरांमधून हळूहळू रक्त झिरपत राहू शकते, माणसाचे लोह घटत जाते, आणि दाहामुळे वर राहिलेले फेरिटिन ती कमतरता झाकून टाकते. अशा माणसाचे आणखी रक्त काढणे घातक ठरेल. म्हणून डॉक्टरांना भेटताना हिमोग्लोबिन आणि प्लेटलेटचा अहवाल सोबत न्यावा, शौच काळी होते का हे बंधूंना स्पष्टपणे विचारावे, आणि फायब्रोस्कॅन (यकृत किती कडक झाले आहे ते मोजणारी तपासणी) झाले नसेल तर त्याबद्दल विचारणा करावी. गोळ्या संपल्यावर १२ आठवड्यांनी विषाणूची चाचणी होईलच. त्याच रक्तातून फेरिटिन आणि ट्रान्सफेरिन सॅच्युरेशन पुन्हा करून घ्यावे. तेव्हाही सॅच्युरेशन वाढलेले निघाले, तर एमआरआयचा आणि जनुकीय चाचणीचा आग्रह आपण जरूर धरावा. आणि सिरॉसिस असल्याचे निष्पन्न झाले, तर विषाणू गेल्यानंतरही दर ६ महिन्यांनी यकृताची सोनोग्राफी चुकवू नये, कारण कर्करोगाची जी भीती आपल्याला जपानी अभ्यासांकडे घेऊन गेली, ती त्या रुग्णांत कमी होते, पण संपत नाही.