कुर्ला हा दोन अक्षरांचा शब्द आहे

कुर्ला या शब्दात दोन अक्षरे आहेत, कु आणि र्ला. पहिलीतल्या मुलाला विचारले तरी ते हेच सांगेल. मी गेले दोन महिने ज्या अ‍ॅनिमेशनच्या सॉफ्टवेअरमध्ये काम करते आहे, ते मात्र या शब्दाचे सहा तुकडे मोजते: क, पहिला उकार, र, हलन्त, ल आणि काना. शब्द एकेका अक्षराने पडद्यावर आणायचा असे त्याला सांगितले, की ते हे सहाही तुकडे एकामागून एक आणून टाकते. आधी क येतो, मग ठिपक्यांच्या वर्तुळाला लोंबकळणारा उकार, मग सुटा र, त्याच्या पायाशी हलन्ताची तिरपी रेघ, मग ल आणि शेवटी काना. रफार कुठेच येत नाही. ज्या रफाराचे वळण मी कागदावर तीस-चाळीस वेळा काढून पाहिले होते, तो रफार या यंत्राला ठाऊकच नाही.

मी डिझाइनच्या शेवटच्या वर्षाला आहे आणि माझा प्रकल्प म्हणजे मी स्वतः आखलेल्या देवनागरी टाइपफेसची, म्हणजे एका वळणाच्या अक्षरसंचाची, चाळीस सेकंदांची चित्रफीत. 16 एप्रिल 1853 रोजी बोरीबंदरहून ठाण्याला जी पहिली प्रवासी गाडी गेली, त्याच मार्गावरच्या आजच्या धिम्या लोकलची एकोणीस स्थानके, सीएसएमटीपासून ठाण्यापर्यंत, एकेक करून पडद्यावर यावीत, प्रत्येक नावातले अक्षर गाडीसारखे सरकत यावे, थांबावे आणि पुढच्या नावाला जागा द्यावी, एवढीच कल्पना होती. सेकंदाला 25 फ्रेम धरल्या तर चाळीस सेकंदांच्या हजार फ्रेम होतात. काम पुष्कळ आहे हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होते आणि त्याबद्दल माझी तक्रार नाही. माझा संताप त्या कामाबद्दल आहे, जे मुळात करावे लागायलाच नको होते.

टाइपफेस तयार होता. जोडाक्षरांचे सगळे नियम मी फॉन्टमध्ये लिहिले होते. कोणता र रफार होऊन वर चढेल, कोणता स अर्धा होईल, पहिली वेलांटी किती रुंद जोडाक्षरावर किती लांब पसरेल, हे सगळे त्यात होते. ब्राउझरमध्ये तो बिनचूक दिसतो, साध्या लेखनाच्या प्रोग्रॅममध्येही बिनचूक दिसतो. अ‍ॅनिमेशनच्या सॉफ्टवेअरमध्येसुद्धा शब्द नुसता उभा ठेवला तर ठीक दिसतो. त्याला हलवायला गेले, की मोडतो.

‘मस्जिद’ घ्या. हा शब्द म, स्जि, द असा तीन अक्षरांचा आहे. यात वेलांटी अर्ध्या स च्याही आधी उभी राहते आणि तिचे डोके स वरून जाऊन ज च्या दांड्यावर टेकते. मी ही वेलांटी खास या जोडीसाठी लांब काढली होती. शब्द हलवताक्षणी स चा पाय मोडून हलन्त आला, ज एकटा पडला आणि वेलांटी ज च्या डाव्या बाजूला, आखूड होऊन, चिकटली. मस्जिद स्थानकाची पाटी कोणी अशी रंगवली असती, तर पेंटरला त्याच दिवशी ती पुसून पुन्हा रंगवायला लावली असती.

मग उपाय एकच उरतो, आणि तो सगळे जण अगदी सहज सांगतात: अक्षरांच्या बाह्यरेषा करून घे, म्हणजे मजकुराचे नुसते चित्र उरेल, आणि ते आकार हलव. त्यांना वाटते, यात काय मोठेसे? देवनागरीत अक्षरे शिरोरेषेने जोडलेली असतात, आणि ती जोड दिसू नये म्हणून प्रत्येक अक्षराची शिरोरेषा शेजारच्या अक्षरावर किंचित चढवलेली असते. पूर्ण काळ्या रंगात हे कळत नाही. पण अक्षर हळूहळू उमटायला लागले आणि रंग निम्मा झाला, की जिथे दोन रेषा एकमेकींवर आल्या आहेत, तिथे गडद पट्टी दिसते. ‘विद्याविहार’ या नावावर अशा चार पट्ट्या होत्या, एखाद्या फाटलेल्या कापडाला ठिगळे लावावीत तशा. रेषा चढवल्या नाहीत तर अक्षर हलताना मध्ये केसाएवढी पांढरी फट दिसते. सगळा शब्द एकसंध करून टाकला तर अक्षरे सुटी हलत नाहीत. शेवटी मी प्रत्येक नावाची शिरोरेषा वेगळी काढली, सगळ्या अक्षरांची डोकी छाटली, अक्षरे रेषेखाली एकेक टांगली आणि रेषा स्वतंत्रपणे ओढत नेली. अशी एकोणीस नावे. वेलांट्यांचे आणि रफारांचे थर वेगळे, कारण ते रेषेच्या वर जातात.

शिशाच्या खिळ्यांच्या, म्हणजे धातूत ओतलेल्या सुट्या अक्षरांच्या, काळात ते खिळे जुळवणारा जुळारी नेमके हेच करत होता, आणि याच मुंबईत करत होता. जावजी दादाजींच्या निर्णयसागर छापखान्याची देवनागरी आजही डोळ्यांना गोड वाटते, कारण त्या खिळ्यांमागे अक्षराची समज होती आणि जोडाक्षराचा खिळा खणात तयार असे. शिसे गेले, फिल्मवर अक्षरे उमटवणारे फोटोटाइपसेटिंग आले, तेही गेले. 1991 पासून युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकावरच्या लिप्यांच्या जागतिक प्रमाणात, देवनागरी आहे. 2000 सालच्या विंडोजबरोबर मंगल हा फॉन्ट घरोघरी पोहोचला, आणि तोही आपल्या अक्षररचनाकार र. कृ. जोशींनी आखलेला होता. म्हणजे जोडाक्षर कसे जुळवायचे हे संगणकाला कळून पंचवीस वर्षे झाली आहेत. तरीही महिन्याचे भाडे भरून वापरायच्या सॉफ्टवेअरमध्ये मी रात्री दोन वाजता हाताने खिळे जुळवत बसते. फरक इतकाच, की जुळाऱ्याला त्या कामाची मजुरी मिळत होती.

त्या कंपनीला मी सविस्तर लिहिले, चित्रे जोडली, कोणता तुकडा कुठे मोडतो ते बाण काढून दाखवले. उत्तर आले की दुसरा फॉन्ट वापरून पाहा. माझा प्रकल्पच माझा फॉन्ट आहे, हे पत्राच्या पहिल्या ओळीत लिहिले होते. भाषा निवडायच्या यादीत हिंदी होती, मराठी नव्हती. म्हणून फॉन्टमध्ये मराठीच्या नियमाखाली ठेवलेला मराठी वळणाचा ल कधी उमटलाच नाही आणि मुलुंड दर वेळी हिंदी ल घेऊन आले. मी फॉन्टमधून हिंदी ल काढूनच टाकला, तेव्हा कुठे ते थांबले.

हे सगळे एक वेळ सोसवले असते. पण गेल्या आठवड्यात सरांनी काम पाहिले, मान डोलावली आणि म्हणाले, “अगं, एवढा त्रास कशाला घेतेस? इंग्लिशमध्ये कर ना. चार दिवसांत होईल.” ते वाईट बुद्धीने म्हणाले नाहीत, ते मला कळते, आणि त्यामुळेच ते जास्त लागले. माझ्या शेजारी बसणाऱ्या मैत्रिणीने रोमन लिपीतली तिची चित्रफीत खरेच आठवड्याभरात उरकली, आणि चांगली केली. तिने अक्षरांच्या चालीवर विचार केला, वेगावर, थांबण्यावर विचार केला. मला त्या विचारासाठी वेळच मिळाला नाही, कारण माझे दिवस र ला रफार म्हणून ओळखण्यात गेले. मूल्यमापनात आम्हा दोघींना गुण एकाच तक्त्यावर पडतील, आणि त्या तक्त्यात ‘वेळेचे नियोजन’ असा रकाना आहे.

आणि त्याच बैठकीत सरांनी असेही सुचवले की करी रोडच्या आधी चिंचपोकळी फार भरभर जाते, तिथे अक्षरे थोडी मोठी कर. रोमनमध्ये हे एका आकड्याचे काम आहे. माझ्याकडे चिंचपोकळी म्हणजे पाच अक्षरे, त्यांची छाटलेली डोकी, वेगळी शिरोरेषा, एक पहिली वेलांटी, एक दुसरी, त्या पहिलीवर बसलेला अनुस्वार, आणि प्रत्येकाची स्वतंत्र चाल. आकार वाढवला की शिरोरेषा जाड होते आणि शेजारच्या दोन स्थानकांशी तिची जाडी जुळत नाही. ती पुन्हा काढायची, म्हणजे अनुस्वार आणि दोन्ही वेलांट्या पुन्हा बसवायच्या. एका सूचनेला एक रात्र लागली.

रोज लोकलने येता-जाता मी बाहेर बघते, तर फलकांवर, दुकानांच्या पडद्यांवर, लग्नांच्या चित्रफितींत हीच मोडकी मराठी हलताना दिसते: वेलांटी चुकीच्या बाजूला, हलन्त उघडा पडलेला, र वेगळा. लोक म्हणतात, डिझायनरला मराठी येत नाही. अनेकदा येत असते. त्याला उद्या सकाळपर्यंत काम द्यायचे असते आणि त्याच्याकडे डोकी छाटत बसायला दोन महिने नसतात.

सोमवारी सादरीकरण आहे. सँडहर्स्ट रोडमधल्या स्ट वरचा रफार अजून दोन फ्रेमपुरता शिरोरेषेच्या मागे जातो, म्हणजे 0.08 सेकंदासाठी, कोणाला दिसणार नाही असे सगळे म्हणतात. मला दिसतो. आज रात्री तो मी पुन्हा बसवणार आहे.