सुट्टीनंतरचे पहिले आठ दिवस पोरांना द्या

आज संध्याकाळी बहिणीनं भाचीच्या डायरीचा फोटो पाठवला. पोरगी दुसरीत, शहरातल्या एका इंग्रजी शाळेत. नाताळच्या सुट्टीनंतर आज तिच्या शाळेचा पहिला दिवस. पहिल्याच तासाला गणिताची टेस्ट, आणि जेवणाच्या सुट्टीआधी डायरीत लाल पेनानं शेरा: ‘नॉट अटेंटिव्ह. पेरेंट टु मीट.’

सात वर्षांची पोर आहे हो ती. परवापर्यंत गल्लीतल्या पोरांबरोबर ‘ओल्ड मॅन’च्या, म्हणजे सरत्या वर्षाच्या पुतळ्याच्या, पोटात गवत कोंबत होती. 31 तारखेला रात्री बारा वाजता तो जळताना बघायला जागी होती. बेळगावातलं कुठलं पोर त्या रात्री झोपतं सांगा. आणि आज सकाळी तिनं बाकावर ताठ बसून हातच्याची वजाबाकी करायची, मान न हलवता. नाही जमलं तर उद्या आईबापानं कामावर रजा टाकून मॅडमसमोर उभं राहायचं.

मला फार राग आलाय. बहिणीला फोनवर शांत राहा म्हटलं, खरं मीच शांत नाही.

मी बेळगाव जिल्ह्यात खानापूरकडच्या एका सरकारी मराठी शाळेत शिकवते, हे इथल्या बहुतेकांना ठाऊक आहे. आमच्याकडं नाताळची मोठी सुट्टी नसते. आमची मोठी सुट्टी दसऱ्याची. ऑक्टोबर 2025 मध्ये तर शिक्षकांना सरकारच्या सर्वेक्षणाला जुंपलं म्हणून ती 18 तारखेपर्यंत वाढली आणि पाठोपाठ दिवाळी आली. पोरं परत आली तेव्हा किल्ल्याची माती नखांत तशीच होती. त्यानंतर प्रतिभा कारंजी म्हणजे पोरांच्या कलागुणांच्या स्पर्धा, खेळाच्या स्पर्धा, सहल, गॅदरिंग, आणि घरोघरी सुगी. म्हणजे जानेवारी उजाडतो तेव्हा आमचा वर्गही तितकाच विस्कटलेला असतो. शाळा सरकारी असो की फीवाली, सुट्टीवरून आलेलं पोर सारखंच असतं. शरीर बाकावर, मन अजून वाटेत.

काही वर्षांपूर्वी तिसरीत एक पोरगा होता माझ्याकडं. गाव जंगलाला लागून. दिवाळीनंतर शाळा सुरू झाली आणि हा रोज खिडकीकडं तोंड करून बसायचा. मध्येच पेंगायचा. स्वयंपाकघरात पातेल्याचं झाकण पडलं की दचकून उभा राहायचा, एकदा तर हात वर करून ‘होऽऽ’ अशी आरोळीच दिली त्यानं. सगळा वर्ग हसला. शेजारच्या वर्गातले गुरुजी म्हणाले, याचं डोकं अजून शेतातच आहे, दोन फटके द्या म्हणजे जागेवर येईल.

मी त्याला दुपारी बाहेर पायरीवर बसवलं आणि विचारलं, रात्री झोपतोस की नाही रे? तो म्हणाला, “बाई, गवे येऊलालेत की रात्रीचे. आज्जा एकटाच हाय माळ्यावर. मी डबा बडवतो.”

आठ वर्षांचं पोर. रात्रभर शेतातल्या राखणीच्या माळ्यावर आज्जाच्या घोंगडीत. गवा आला, रानडुकरं आली की उठायचं, पत्र्याचा डबा बडवायचा, आरोळी द्यायची, बॅटरी मारायची. कापणीच्या तोंडावर आलेलं भात एका रात्रीत तुडवून जातात ती जनावरं. वर्षाचा तांदूळ जातो. त्या पोराचं लक्ष नव्हतं असं कोण म्हणेल? अख्खा वर्ग मिळून देणार नाही एवढं लक्ष तो रोज रात्री देत होता. फक्त ते फळ्याकडं नव्हतं.

म्हणून ‘लक्ष नाही’ हा शेरा वाचला की माझं डोकं फिरतं. लक्ष असतंच, ते कुठं आहे ते बघायला जायचं काम आपलं. आपण पगार त्याचाच घेतो.

आता लगेच कुणीतरी म्हणेल, बाई, तुमचं पोर राखणीला होतं, शहरातली पोरं रात्री मोबाइल बघत असतात. मान्य. लाडावलेली पोरं असतात, आणि सुट्टीत आजीकडं गेलं की रात्री बारापर्यंत टीव्ही, सकाळी दहाला चहा-खारी, हे मी माझ्या घरातही बघते. पण झोप मोडली ती मोडलीच. सहा ते बारा वर्षांच्या मुलाला दिवसाला नऊ ते बारा तास झोप लागते, कुठल्याही बालरोगतज्ज्ञाला विचारा. आठवडाभर बाराला झोपलेलं पोर आदल्या रात्री नऊला अंथरुणात ढकललं म्हणून झोपत नाही. शाळा उघडायच्या चार दिवस आधीपासून रोज थोडं थोडं लवकर निजवायचं, सकाळी शाळेच्या वेळेला उठवायचं. एवढं घरच्यांनी केलं तरी आमचं अर्धं काम होतं. हे पालकांना सुट्टीआधी सांगायला काय जातं? डायरीत लाल शेरा मारायला जेवढा वेळ लागतो तेवढाच लागतो.

आणि शाळेनं काय करायचं? पहिल्या दिवशी नवा धडा काढायचा नाही. टेस्ट तर मुळीच नाही. जूनमध्ये आम्ही सेतुबंध करतो, मागच्या इयत्तेचं काय राहिलं ते बघून मगच पुढं जातो. मग वर्षाच्या मधल्या मोठ्या सुट्टीनंतर चारआठ दिवसांचा छोटा सेतुबंध केला तर कुणाचं काय बिघडतं? आणि जून उघडला की चप्पल रांगेत कशी ठेवायची, दप्तर कुठं, पाण्याला कधी जायचं, बोलायचं असेल तर काय करायचं हे सगळं शिकवतोच की. सुट्टीनंतर तेही परत शिकवावं लागतं. न चिडता. पोरं विसरतात, त्यात गुन्हा काही नाही.

माझ्या वर्गात पहिल्या आठवड्यात पाढे बसून होत नाहीत. मैदानाला फेरी मारत मोठ्यानं म्हणतो, मग आत येऊन दहाच मिनिटं बसून लिहितो. दहा म्हणजे दहा. मग उठायचं, हातपाय झटकायचे. दोन दिवसांनी पंधरा मिनिटं, मग वीस. आठवडा संपता संपता अर्धा तास बसतात, आणि ओरडावं लागत नाही. गलका झाला की मी टाळ्यांचा एक ताल देते, त्यांनी तोच परत वाजवायचा. तिसऱ्या वेळेला वर्ग गप्प. प्रत्येकाला एकेक काम वाटून द्यायचं, फळा पुसणं, खडू, कुंडीला पाणी, तारीख लिहिणं. जो सगळ्यात चुळबुळ्या त्याला सगळ्यात जास्त चालावं लागेल असं काम.

तीन लिप्यांचं तर विचारूच नका. आमची पोरं एका दिवसात देवनागरी, कन्नड आणि इंग्रजी अशी तीन वळणं गिरवतात. घरी मराठी, म्हणून सुट्टीत सगळ्यात आधी निसटते ती कन्नड. प, व, म यांच्यात परत गोंधळ. त्यावर ‘एवढंही येत नाही?’ म्हणून ओरडलं की पोर त्या विषयालाच घाबरतं, आणि इथं राहायचं तर कन्नड यायलाच हवं, त्यात वाद नको. नवीन काही न देता ओळखीचे चार शब्द रोज गिरवायचे, बास. आठ दिवसांत हात परत वळतो.

आणि एक कळकळीची विनंती माझ्या शिक्षक मित्रमैत्रिणींना. ‘सुट्टीत कुठं कुठं गेलात?’ हा प्रश्न वर्गात विचारू नका. एक गोव्याला गेलेला असतो, एक गडहिंग्लजला मामाकडं, आणि चार जण कुठंच गेलेले नसतात. अथणी-रायबागकडच्या शाळांत तर ऊसतोडीच्या फडावरून आलेली पोरं असतात, त्यांना काय सुट्टी ठाऊक. ती मान खाली घालतात. त्यापेक्षा ‘काय बघितलंत?’ असं विचारा. बघितलेलं सगळ्यांकडं असतं.

त्या पोरालाही मी तेच विचारलं, सगळ्यांसमोर. आधी बोलेना. मग सुटला. गव्याचे डोळे बॅटरीत कसे हिरवे दिसतात, पुढचा थांबला की मागचे कसे थांबतात, पिल्लू मध्ये कसं घेतात. वर्गात टाचणी पडली तरी ऐकू येईल अशी शांतता. मी जुन्या कॅलेंडरचं एक मोठं पान फाडून कोरी बाजू वर करून जमिनीवर टाकलं. त्यानं शेत काढलं, माळा, आज्जा, गवे. बाकीच्यांनी बाजूला नावं लिहिली, वर मराठीत, खाली कन्नडमध्ये. मग गणित पण तिथंच झालं. एका वाफ्यात इतके भारे, गव्यांनी एवढे तुडवले, राहिले किती? हातच्याची वजाबाकी होती ती, आणि सगळ्यात आधी उत्तर त्यानं दिलं. शेत त्याचंच होतं ना!

नंतर एक साहेब तपासणीला आले. तेव्हाही तो जरा पेंगत होता. साहेब म्हणाले, हा मुलगा झोपतोय, नोंद करा. मी ते पान दाखवलं. त्यांनी बघितलं, छान म्हणाले, आणि पोर्शन किती झाला विचारून गेले.

पोर्शन! तो संपवायचा असतोच, हे मला कुणी शिकवू नये. मार्चमध्ये एसए टू म्हणजे वर्षाअखेरची परीक्षा, एप्रिलच्या दहा तारखेच्या आसपास शाळा बंद, मध्ये संक्रांत आणि शिवरात्र. दिवस कमीच असतात. वर आमच्या मराठी शाळांचा पट घटत चाललाय, एकेक शाळा बंद पडायच्या वाटेवर. पालकांना काहीतरी दाखवावं लागतं, त्या इंग्रजी शाळेत पहिल्याच दिवशी टेस्ट घेतात म्हणे, तुमच्याकडं काय, असं तोंडावर विचारतात. मला कळतं ते दडपण. पण पहिल्या आठवड्यात दामटलेला धडा फेब्रुवारीत परत शिकवावा लागतो, हे वर्गावर उभं राहिलेल्या प्रत्येकाला माहीत आहे. कबूल कुणी करत नाही.

हे लिहिता लिहिता परत बहिणीचा फोन आला. पोर जेवली नाही म्हणे, उद्या जाणार नाही म्हणतेय. आता राग नाही, वाईट वाटतंय. त्या मॅडमही कदाचित पंचवीस वर्षांच्या असतील, वर्गात पन्नास पोरं, पगार किती ते विचारायला नको, आणि वरून कुणीतरी सांगितलेलं असणार, पहिल्या दिवशी टेस्ट घ्या. त्यांच्याशी भांडू नकोस असं बहिणीला सांगितलंय. भेट, पोर 31 ला किती वाजता झोपली ते सांग, आणि आठवडाभर मुदत माग.

आता कामाचं. सोमवारपासून माझा वर्गही परत मार्गाला लावायचा आहे आणि मला मोठे कोरे कागद लागतात. तुमच्या भिंतीवरची 2025 ची कॅलेंडरं आता उतरतील. रद्दीत देऊ नका. सोसायटीचं, बँकेचं, सराफाचं, एका बाजूला छापलेलं कुठलंही चालेल. कालनिर्णय नको, त्याची मागची बाजू छापील असते. खानापूर स्टँडजवळ कुणी आणून दिलं तर मी शनिवारी सकाळची शाळा सुटली की घेईन. बेळगावच्या लोकांनी बहिणीकडं ठेवा, मेसेज करा, पत्ता पाठवते.