काका, कीथ आणि पार्किंग

रोलिंग स्टोन्स या ब्रिटिश रॉक बँडच्या 2024 च्या अमेरिका दौऱ्याला एएआरपी या पन्नाशी ओलांडलेल्यांच्या संघटनेचे प्रायोजकत्व आहे, हे वाचून मला आलेले हसू मे महिन्यातल्या त्या रात्री न्यू जर्सीतल्या ईस्ट रदरफर्डच्या स्टेडियममध्ये पुरते जिरले. तिकीट काकांच्या मुलाचे होते, त्याला ऐन वेळी कामासाठी परगावी जावे लागले आणि गाडी काकांची होती. एवढ्या भांडवलावर मी काकांच्या स्वाधीन झालो. काका म्हणजे रक्ताच्या नात्याचे नव्हेत. परदेशातल्या महाराष्ट्र मंडळात साठीपुढचा प्रत्येक पुरुष काका असतो, तसे. मूळचे गिरगावचे, आता न्यू जर्सीतल्याच एडिसनचे आणि स्टोन्सचे जुने भक्त.

दिवे मालवायच्या आत काकांनी खिशातून चार घड्या घातलेला कागद काढला. आधीच्या गावांत बँडने कोणती गाणी कोणत्या क्रमाने वाजवली, याची ती ठळक टायपात छापलेली यादी होती. "पहिलं 'स्टार्ट मी अप'," काका माझ्या कानात म्हणाले. मात्र ते चार रांगांना ऐकू गेले. पुढच्याच मिनिटाला 'स्टार्ट मी अप' सुरू झाले आणि ते जणू आपल्या सांगण्यावरूनच झाले, अशा समाधानाने काकांनी कागदावर बरोबरची खूण केली. पुढे काय येणार याची जी हुरहुर विकत घेण्यासाठी माणूस मैफलीला जातो, ती माझ्यापासून गाण्यागणिक हिरावून घेतली जात होती.

यादीतल्या काही गाण्यांपुढे 'न' लिहिलेले होते.

"न म्हणजे काय हो, काका?"

"न म्हणजे नवीन. नवीन म्हणजे उठायचं."

'अँग्री' सुरू होताच काका उठले. माझी खुर्ची त्यांच्या आणि वाटेच्या मध्ये असल्यामुळे मीही उठलो, माझ्या मांडीवरचे नाचोही उठले. मी कळवळून म्हणालो, "अहो काका, अठरा वर्षांनी त्यांनी स्वतःच्या नव्या गाण्यांचा अल्बम काढलाय!"

"अरे, ते अठरा वर्षं थांबले. माझं प्रोस्टेट थांबत नाही."

यावर कोणता रसिक काय बोलणार? तरीही मला राग आला आणि तो अजून गेलेला नाही. 'हॅकनी डायमंड्स' हा अल्बम ऑक्टोबर 2023 मध्ये आला. त्याआधीचा स्वरचित गाण्यांचा अल्बम 2005 चा होता. या दौऱ्यात गायक मिक जॅगर आणि गिटारवादक कीथ रिचर्ड्स दोघेही ऐंशी वर्षांचे. चार्ली वॉट्स 2021 मध्ये गेला आणि त्याच्या जागी स्टीव्ह जॉर्डन ड्रम्सवर बसला. अशा अवस्थेत माणसे नवे गाणे लिहितात, आणि ते ऐकवायला लागली की अर्धे स्टेडियम स्वच्छतागृहाच्या रांगेत उभे असते. तो दोष एकट्या काकांचा नव्हता. आमच्या रांगेतले गोरे काकाही त्याच वेळी उठत होते. या श्रोत्यांना गाणे ऐकायचे नसते, आपली विशी अजून जागेवर आहे ना, एवढे तपासून घ्यायचे असते. मग साठ वर्षांचा गाण्यांचा साठा असूनही बँड बिचारा 'मिस यू', 'पेंट इट ब्लॅक', 'गिमी शेल्टर', 'जंपिंग जॅक फ्लॅश' यांचा जप करत गावोगाव हिंडतो. अर्थात, आपण अमेरिकनांना हसण्यात अर्थ नाही. बालगंधर्वांना वन्स मोअर देऊन देऊन नाटक पहाटेपर्यंत लांबवणाऱ्यांची आपण नातवंडे आहोत.

'पेंट इट ब्लॅक'ला काकांनी मागे वळून एका अनोळखी जोडप्याला, मूळ रेकॉर्डवर सतार आहे आणि ती 'आमची' आहे, असे बजावले. 'ब्राउन शुगर' यादीत नव्हते, त्याचा त्यांना संताप होता. गुलामगिरीच्या उल्लेखांवरून ते गाणे 2021 पासून बँडने बाजूला ठेवले आहे आणि मला स्वतःला ते योग्य वाटते, असे मी म्हणताच काका म्हणाले, "माझी साखर डॉक्टरांनी बंद केली, यांची तुम्ही लोकांनी." मधल्या टप्प्यात जॅगरला विश्रांती देऊन कीथ स्वतः गातो. "कीथ गायला लागला की मध्यंतर समजायचं," असे सांगून काका पुन्हा उठले, ते प्रेट्झेल घेऊनच परतले आणि शिवाजी मंदिरला या वेळी वडा मिळाला असता म्हणून हळहळले. कीथच्या त्या खरबरीत, जपून टाकलेल्या आवाजातला निम्मा भाग मी काकांच्या पाठीतून ऐकला.

हे सारे मी सोसले, कारण मी ज्यासाठी आलो होतो ते शेवटी होते. 'स्वीट साउंड्स ऑफ हेवन'. रेकॉर्डवर लेडी गागा आणि स्टीव्ही वंडर यांच्यासह सात मिनिटांहून अधिक चालणारे, संपले संपले म्हणताना पुन्हा उसळणारे गाणे. त्याचे पहिले सूर उमटले आणि काकांनी कागदाची घडी घातली.

"चल, पार्किंग."

"काका, हे एवढं एकच!"

"अरे, न आहे ते. यानंतर नुसतं 'सॅटिस्फॅक्शन'. ते मी 1965 पासून ऐकतोय."

चावी त्यांच्याकडे होती. गागाच्या जागी गाणारी बाई वरच्या पट्टीत चढत असताना मी प्रेट्झेलचा कागद हातात धरून जिना उतरत होतो. पार्किंगमध्ये हीच हुशारी सुचलेल्या माणसांच्या गाड्या एकमेकींच्या मागे लाल दिवे लावून ठप्प उभ्या होत्या. स्टेडियमला छत नसल्यामुळे तिथवर आवाज चांगला पोहोचत होता आणि 'सॅटिस्फॅक्शन'ची ती जगप्रसिद्ध गिटार सुरू झाल्याचे मला स्पष्ट कळले. काकांनाही कळले असावे, कारण त्यांनी लगेच डॅशबोर्डवर शोधाशोध करून 1965 चे मूळ 'सॅटिस्फॅक्शन' लावले आणि मला म्हणाले, "काच वर कर रे, बाहेरचा आवाज येतोय."