एका ओळीचा निकालही निकालच

लेखात म्हटलंय की १९७२ साली 'बेकर विरुद्ध नेल्सन'मध्ये अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने अपील 'ऐकूनच घेतलं नाही', म्हणून त्याला किंमत नव्हती. हे साफ चूक आहे. मिनेसोटातल्या दोन पुरुषांच्या लग्नाचं ते अपील एका ओळीत फेटाळलं गेलं: संघीय कायद्याचा ठोस प्रश्न नाही, बस. पण तेव्हा असं अपील निकाली काढणं कोर्टाला भागच होतं, त्यामुळे तो गुणदोषांवरचाच, म्हणजे मूळ वादावरचाच, निकाल ठरला. 'हिक्स विरुद्ध मिरांडा'ने (१९७५) बजावलं की खालची कोर्टं त्याला बांधील आहेत. 'मँडेल'ने (१९७७) एवढंच जोडलं की नेमक्या त्याच मुद्द्यांपुरती. याच आधारावर २०१४ मध्ये सहाव्या सर्किटच्या संघीय अपील कोर्टाने समलिंगी जोडप्यांना लग्नाचा हक्क नाकारला, आणि २०१५ मध्ये समलिंगी विवाहाचा हक्क मान्य करणाऱ्या 'ओबर्गफेल'मध्ये सुप्रीम कोर्टाला बेकरचा निकाल नाव घेऊन रद्द करावा लागला. किंमतच नसती तर कशाला?

आपल्याकडच्या वकिलांचा इथे हमखास घोटाळा होतो, हे मी बाररूममध्ये नेहमी ऐकते. एसएलपी (आपल्या सुप्रीम कोर्टाकडे अपिलाची विशेष परवानगी मागणारी याचिका) कारण न देता फेटाळली तर तो गुणदोषांवरचा निकाल नसतो, हे सुप्रीम कोर्टाच्या 'कुन्हयम्मद' निकालापासून (२०००) आपल्या अंगवळणी पडलंय. त्याची तुलना तिथल्या सर्शिओरारी (प्रकरण ऐकायचं की नाही हे कोर्टाच्या मर्जीवर असलेली विनंती) नाकारण्याशी करा, या अपिलांशी नको.