ट्रीटमेंट केलेल्या वेल्डचं वाटोळं कसं करावं

तर भाऊ, खाडीवरच्या लोखंडी पुलाचं काम तुम्हाला मिळालं, आधी पेढे काढा. आता कुणीतरी शहाण्या इंजिनियरने टेंडरमध्ये ‘वेल्ड टो ट्रीटमेंट’ म्हणून एक आयटम घुसडलाय आणि तो बघून तुमचं डोकं फिरलंय, कारण वेल्ड मारला, रेड ऑक्साइड लावला, बिल काढलं एवढा सरळ आपला धंदा. घाबरू नका हो. ट्रीटमेंट करूनही न केल्यासारखी कशी ठेवायची, ते मी सांगतो.

आधी भानगड काय ती कळू दे. वेल्ड जिथे प्लेटला येऊन टेकतो ती कड म्हणजे टो, आणि ती घासून किंवा ठोकून सुधारायची म्हणजे ट्रीटमेंट. तिथे बारीक खाच असते, स्लॅगचे कण अडकलेले असतात आणि वेल्ड थंड होताना आकसतो म्हणून ती जागा आधीच आतून ताणलेली असते, वरून ट्रक गेला की ताण चढतो, गेला की उतरतो, परत दुसरा येतो. एका ट्रकने पुलाला काही होत नाही, लाखो ट्रकांनी होतं. जोडांना एफएटी नावाचा दर्जा असतो, एफएटी ८० चा जोड म्हणजे ८० मेगापास्कलचा (ताणाचं माप) चढउतार २० लाख वेळा झेलेल असा धरलेला जोड, आणि चढउतार दुप्पट केला तर आयुष्य निम्मं होत नाही, आठवा हिस्सा उरतो. सगळा घनाचा हिशोब. आमच्या आजोबांनी हे ऐकलं आणि म्हणाले, ‘मेल्या, पूल म्हणजे काय, लोखंडाचो साकवच ना तो.’ त्यांना कोण सांगणार.

पहिलं काम म्हणजे महागडं स्टील घ्या, साध्या ई२५० च्या जागी जास्त ताकदीचं ई४१०, आणि ट्रीटमेंट कापा. साहेब खूश, कारण आकडा मोठा दिसतो. नुसत्या वेल्ड मारलेल्या जोडाला फटिगमध्ये, म्हणजे परत परत ताण येऊन लोखंड थकतं त्यात, स्टीलची ताकद कळतच नाही, दोन्ही तेवढ्याच ताणाला तडकतात, जास्त ताकदीच्या स्टीलचा फायदा टो ठोकून घेतल्यावरच पदरात पडतो, हे साहेबांना सांगायला जाऊ नका.

ग्राइंडिंग करावंच लागलं तर पोराच्या हातात साधा डिस्कवाला ग्राइंडर द्या आणि वेल्डच्या लांबीने फरफर फिरवायला सांगा. नियम असा आहे की बर ग्राइंडरने, म्हणजे छोट्या फिरत्या टोकाच्या मशीनने, कड अर्धा मिलिमीटर तरी आत खोदायची, खाच संपेपर्यंत, आणि ओरखडे ताणाच्या दिशेने राहायला हवेत. तुमच्या पोराचे ओरखडे बरोबर आडवे येतील, म्हणजे चिरेला रेडीमेड सुरुवात. नीट केलं असतं तर ताण १.३ पट पेलला असता, आयुष्य सव्वादोन पटीच्या आसपास गेलं असतं. पण चकाकतंय तर आहे ना? फोटोत तेच दिसतं.

ठोकायची पद्धत, एचएफएमआय, त्याहून मजेशीर. सेकंदाला ९० च्या वर ठोके देणारी मशीन कडेवर फिरवतात, बारीक चकचकीत चर पडतो आणि आतल्या ताणाची जागा दाब घेतो, त्यामुळे चीर उघडायला बघते तेव्हा हा दाब तिला मिटून धरतो. हा दाब घालवायला अक्कल लागत नाही. गर्डर यार्डात असतानाच ठोकून मोकळे व्हा, मग खाडीवर नेऊन बसवा आणि वर काँक्रीटचा स्लॅब ओता, तळाच्या फ्लँजला (गर्डरच्या खालच्या आडव्या पट्टीला) जो कायमचा ताण येईल तो अर्धी कमाई खाऊन टाकेल. वजन बसल्यावर जागेवर ठोकलं तर फायदा टिकतो, पण त्यासाठी खाडीत मचाण बांधावं लागतं, परत भरती ओहोटी, कोण करतंय.

बाकीचं जांभ्या दगडाचे चिरे वाहणारे ट्रकवाले बघतील. २०१८ साली सरकारने चार टायरच्या सिंगल एक्सलची मर्यादा १०.२ टनांवरून ११.५ टन केली. तेरा टक्के वाढली म्हणजे किरकोळ वाटतं, घन काढा, नुकसान ४३ टक्क्यांनी वाढतं. ठोकलेल्या जोडाला तर घन नाही, पाचवा घात लागतो, तिथे ते ८२ टक्के होतं! आणि ही झाली कायद्यातली गाडी, जांभ्याचे चिरे टपापर्यंत रचून रात्री निघते ती नव्हे. तसा एखादा दणका जबरदस्त बसला की आत भरलेला दाबच सैल पडतो, मग तुमची ट्रीटमेंट फक्त बिलावर शिल्लक.

कुणी अटल सेतूसारखं ऑर्थोट्रॉपिक स्टील डेक, म्हणजे खाली लोखंडी पट्ट्या जोडलेला स्टीलचा रस्ता, मागितलं तर लगेच हो म्हणा. त्यात डेकखालच्या बंद रिबा (त्याच पोकळ पट्ट्या) एकाच बाजूने वेल्ड होतात, बाहेरचा टो तुम्ही हवा तेवढा घासा, चीर आतल्या मुळापासून निघाली तर कुणाचा हात पोचणार? रॉटरडॅमच्या व्हॅन ब्रिएनेनोर्ड पुलावर १९९० साली उघडलेल्या भागाला १९९७ मध्येच डेकप्लेटमध्ये चिरा सापडल्या, आणि ते डच लोक, आपल्यापेक्षा काटेकोर.

रंगाचं तर बोलूच नका. खारा वारा, चार महिने पाऊस, गंजाचा एक खड्डा पडला की त्या अर्ध्या मिलिमीटरच्या कारागिरीला कोण विचारतं. शिवाय रंग फाटून तांबडा ओघळ खाली आला तर तो चिरेतला गंज असतो, पण कोकणात लाल माती सगळीकडे, इन्स्पेक्शनवाल्याला सांगायचं, ‘साहेब, जांभ्याची धूळ हो ती.’ चहा पाजायचा.

आणि शेवटी उद्घाटन. दादांच्या नावाची पाटी गर्डरच्या तळाच्या फ्लँजवर, बरोबर मधोमध, जिथे ताण सगळ्यात जास्त तिथेच वेल्ड करा, खाडीतून होडीवाल्यालासुद्धा दिसली पाहिजे. ट्रीटमेंटवाला माणूस एव्हाना मशीन घेऊन घरी गेलेला असतो. ताणाच्या दिशेने वेल्ड केलेला तुकडा ५० मिलिमीटरपेक्षा छोटा असेल तर जोड एफएटी ८० चा, ३०० च्या वर गेला की एफएटी ५०, म्हणजे आयुष्य चौथ्या हिश्श्यावर. नुसतं ‘दादा’ लिहिलं असतं तर कदाचित निभावलं असतं. पण पाटीवर कार्यसम्राट आहे, भावी आमदार आहे, खाली सौजन्य म्हणून तुमचंही नाव आहे, साडेचार फुटांच्या आत काही ते बसत नाही.