‘गुरख्याला कोणी अडवलं?’ या प्रतिक्रियेला उत्तर

दादा, कोरोनाकाळात कोकणातल्या आंबाबागांच्या नेपाळी राखणदारांना, म्हणजे गुरख्यांना, कशी वागणूक मिळाली यावरच्या माझ्या लेखावर तुम्ही सविस्तर लिहिलंत, म्हणून उत्तरही जरा लांबतंय. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: वर्णभेद ही अमेरिकेची भानगड, ती कोकणाच्या माथी मारू नका. कोरोनात आम्ही मुंबईच्या सख्ख्या भावालाही वेशीवर अडवलं, मग नेपाळी गुरख्यासाठीच एवढा उमाळा कशाला? शिवाय बागायतदारांनी त्यांना घरच्यासारखं सांभाळलं.

चाकरमान्यांचं खरं आहे. माझाच पुतण्या १४ दिवस विलगीकरणात शाळेत निजला. पण २०२०च्या गणपतीआधी बोंबाबोंब झाली आणि सरकारने १४चे १० दिवस केले. चाकरमान्याचं गावात घर असतं, सरपंच त्याचा कोणीतरी चुलता लागतो. कलमांतल्या खोपीत राहणाऱ्याने बोंब मारायची ती कोणाच्या दारात?

आता मूळ लेखात लिहिलं नव्हतं ते सांगतो. एप्रिल २०२१. माझा लशीचा दुसरा डोस होता, सोबत बागेतल्या राखणदारालाही नेलं. पंचेचाळिशी उलटलेला, म्हणजे वयात बसत होता. नोंदणीला सातपैकी एक ओळखपत्र हवं होतं: आधार, पॅन, मतदार कार्ड, पासपोर्ट वगैरे. पासपोर्ट त्याच्याकडे कशाला असेल? १९५०च्या भारत-नेपाळ करारामुळे नेपाळी माणूस त्याच्याशिवायच इकडे येतो. त्याने पिशवीतून नागरिकतेचा कागद काढला, प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला, घडीवर विरलेला. आणि गंमत बघा, तो देवनागरीत! टेबलावरच्या पोराने नाव, गाव, बापाचं नाव घडाघडा वाचलं. जन्मसाल २०३०. ‘हा अजून जन्मायचाय की!’ रांग हसली. मीही हसलो. ते नेपाळात चालणारं विक्रम संवत, हे घरी आल्यावर डोक्यात आलं.

पोराची चूक नव्हती, यादीत तो कागदच नव्हता. पुढे मे महिन्यात ओळखपत्र नसलेल्यांसाठी केंद्राने वेगळी पद्धत आखली. ती आमच्या वाडीपर्यंत पोचली नाही, की मीच विचारायला गेलो नाही, देव जाणे. ऑगस्टात परदेशी नागरिकांना पासपोर्टवर नोंदणी खुली झाली. आमचा माणूस आंबा आटोपून जूनमध्येच गेला होता, लस न घेता.

वर्णाचं म्हणाल तर, मार्च २०२०मध्ये ईशान्येकडच्या लोकांना ‘कोरोना’ म्हणून हिणवायला लागले, तेव्हा गृहमंत्रालयाला राज्यांना पत्र पाठवावं लागलं. चेहरा बघूनच ना? आमच्या नाक्यावरच्या दुकानात ह्यालाही ‘ए चिनी, लांब उभा राहा’ ऐकावं लागलं. तो तांदूळ घेऊन गप आला.

घरच्यासारखं म्हणाल, तर तांदूळ, खर्ची, औषधाच्या गोळ्या मीही दिल्या. पण त्या टेबलावर त्याचं खरं नाव कानावर पडलं, तेव्हा तो माझ्या बागेत नऊ वर्षं होता. माझ्या वहीत नुसतं ‘बहादूर’. त्याच्या आधीचा होता, तोही बहादूरच.

तुमचा एक आक्षेप मात्र मान्य. ‘सरकारने लस नाकारली’ असं मी लिहिलं होतं, ते चूक. तिथे ‘नोंदणी होऊ शकली नाही’ असं केलंय.